‘शांत’ कुठं बघितलंस?

बाई, गेले दोन महिने मी माझ्या मुलाला रोज सकाळी एकच इंग्रजी वाक्य पाठवते आहे, आणि ते पाठवताना तुम्ही रोज माझ्या पाठीमागं येऊन उभ्या राहता. खडूचा हात साडीला लागू नये म्हणून तळवा वर धरून उभ्या राहायचात ना, तशाच. वाक्य अगदी साधं आहे. बाबा आज काल्म आहेत. या शब्दातला ल उच्चारायचा नसतो, हे तुम्ही आम्हाला आठवीत सांगितलं, आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या आणि पुढं जन्मभर तो ल उच्चारत राहिलो. मी तर इंग्रजीचीच मास्तरीण झाले. पोरांच्या तोंडातला ल काढता काढता निवृत्त झाले आणि स्वतः मनातल्या मनात अजून ‘काल्म’च म्हणते. मुलगा कॅनडात आहे. सुनेला मराठी येत नाही, तिलाही वाचता यावं म्हणून फोनवरचे निरोप सगळे इंग्रजीत चालतात. वाक्य पोचलं की त्याचा एक लाल बदाम येतो आणि त्या दिवसापुरतं आमचं बोलणं संपतं. ‘बाबा’ म्हणजे माझे यजमान. त्यांना विस्मरणाचा आजार होऊन आता तीन वर्षं होतील. आम्ही दोघं कऱ्हाडजवळ मलकापुरात दुसऱ्या मजल्यावर राहतो. दोघं म्हणायचं, पण खरं सांगायचं तर मी एकटीच राहते.

तुम्ही आमच्या माणदेशात आलात तेव्हा तुमचं वय काय असेल, तिशीसुद्धा नसेल. सांगलीकडच्या, कृष्णाकाठच्या जैनांच्या घरातल्या. हिरवं बघून मोठ्या झालेल्या बाईला आमचं ते बोडकं माळरान बघून काय वाटलं असेल, हा विचार तेव्हा आमच्या डोक्यात येणं शक्यच नव्हतं. आम्हाला फक्त तुमची छत्री दिसायची. पाऊस नसताना छत्री घेऊन हिंडणारी बाई आम्ही कधी बघितलीच नव्हती. वर्गात धड्याचं भाषांतर चाललं होतं. क्वाएट आला, पोरं म्हणाली शांत. पुढच्या ओळीत काल्म आला, शांत. मग स्टिल आला, सायलेंट आला. शांत, शांत. तुम्ही पुस्तक मिटलंत. “चार वेगळ्या माणसांना एकच सदरा घालताय की रे,” म्हणालात. “एकाला आखूड होईल, एक त्यात बुडून जाईल.” आणि त्या शनिवारपासून तुमची ती रीत सुरू झाली. शनिवारी सकाळची शाळा सुटताना फळ्यावर एक शब्द लिहायचा आणि सोमवारी प्रत्येकानं त्याची जागा आणायची. जागा म्हणजे आपल्या गावातली, आपल्या डोळ्यांनी बघितलेली. जागा मिळाल्याशिवाय शब्द वहीत उतरवायचा नाही. शब्दकोशातला अर्थ सांगणाऱ्याला तुम्ही खाली बसवायचात. “हे त्यांनी बघितलं. तू कुठं बघितलंस?”

पोरं माळावर, ओढ्यात, विहिरीच्या काठावर शब्द हुडकत हिंडायला लागली. “बाई, जागा घावली” असं ओरडत वर्गात यायची. स्टिलची जागा मी आणली होती. भर उन्हात आमची मेंढरं एकमेकांच्या पोटाखाली डोकी घालून उभी राहतात, एकही हलत नाही. तुमचा विश्वास बसेना, म्हणून तुम्ही छत्री घेऊन माझ्याबरोबर माळावर आलात. कितीतरी वेळ बघत राहिलात आणि म्हणालात, “हलत नाहीत, पण धापा टाकतायत बघ. म्हणजे स्टिल आहेत, क्वाएट नाहीत.” एवढं बारीक बघायचं असतं हे मला तिथं कळलं. काल्मची जागा एका मुलीनं आणली. तिच्या घरात साप निघाला तेव्हा सगळी बोंबलत बाहेर पळाली, आणि एकट्या तिच्या आत्यानं पाळणा उचलून बाजूला नेला, पोराला जाग न येऊ देता. तुम्ही ते दोनदा सांगायला लावलंत. “काल्म म्हणजे हे,” म्हणालात. “ज्याला ओरडता येतं, पळता येतं, आणि तरी जो ओरडत नाही, तो.” हे वाक्य मी पुढं माझ्या वर्गात शेकडो वेळा वापरलं. तुमचं आहे असं कधी सांगितलं नाही. माफ करा.

सायलेंटच्या वेळी मी लबाडी केली. पहाटेचं देऊळ, असं लिहून आणलं. चांगलं वाटलं होतं लिहायला. तुम्ही विचारलंत, “पहाटे गेली होतीस देवळात?” मी म्हटलं, “न्हाई बाई.” “मग?” “शांत असंल की.” वर्ग हसला. तुम्ही हसला नाहीत. आवाजही चढवला नाहीत, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. “असंल की, हे इंग्रजी नाही आणि मराठीही नाही,” म्हणालात. “ही थाप आहे. खोड.” मी खोडलं. दुसऱ्या दिवशी पहाटे रागारागानं देवळात जाऊन बसले. बसते तर काय, पारवे घुमतायत, गुरवीण खराटा मारतेय, कुत्री भांडतायत, गुरव कुणावर तरी खेकसतोय. सायलेंटचं नावच नको. तो शब्द मला सापडला दिवाळीनंतर, आमच्या घरामागं. वडील मेंढरं घेऊन खाली नदीकाठच्या मुलखाला गेले की घरी मी आणि आई दोघीच राहायचो, आणि मागचं मेंढरांचं वाडगं रिकामं पडायचं. काट्याचं कुंपण तसंच, लेंड्यांचा वास तसाच, आणि आत काही नाही. आई उगीचच तिथं जाऊन उभी राहायची. मी सोमवारी ते सांगितलं. तुम्ही विचारलंत, “तू किती वेळा गेलीस तिथं?” मी म्हटलं, “रोज जाते.” मग तुम्ही स्वतः माझ्या वहीत तो शब्द लिहिलात, लाल शाईनं.

आणि एकदा मी पीसफुलची जागा म्हणून तुमचं स्वयंपाकघर आणलं. आठवतं का तुम्हाला? तुमच्या भाड्याच्या खोलीत मी कधीमधी दळण घेऊन यायचे. दिवस मावळायच्या आत तुमचं जेवण व्हायचं. घागरीच्या तोंडावर पाणी गाळायचं फडकं बांधलेलं, चुलीजवळ एकच ताट, एकच वाटी, आणि तुम्ही न बोलता जेवताय. आमच्या घरात जेवायला बसलं की आईची बडबड, कोंबड्या, शेजारणी. मला तुमची ती खोली म्हणजे स्वर्ग वाटायची. वर्गात मी मोठ्या तोऱ्यात सांगितलं, “बाई, तुमचं सैपाकघर.” तुमचा चेहरा एकदम उतरला. तुम्ही म्हणालात, “नाही. ती जागा त्या शब्दाची नाही.” “मग कोणत्या शब्दाची?” “तो शब्द तुला अजून शिकवलेला नाही. बस खाली.” मी घरी जाऊन रडले. खरं बघितलेलं सांगूनही बाई खोटं ठरवतात, याचा मला चार दिवस राग होता. आता या वयात मी रोज एक ताट वाढून घेते, यजमानांना आधी भरवून झालेलं असतं, आणि समोरच्या भिंतीकडं बघत जेवते. मला आता कळतं, बाई, तुम्ही तिथं किती एकट्या होतात ते. कुणीतरी तुम्हाला विचारायला हवं होतं. माझी आई विचारू शकली असती. तिला वाटलं, शिकलेल्या बाईला आपण काय बोलायचं.

माझ्या यजमानांना तुम्ही एकदाच बघितलंत. ते कोयनेच्या वीजघरात होते, डोंगराच्या पोटात, मशिनांपाशी. आमची लग्नानंतरची सगळी वर्षं कोयनानगरच्या कॉलनीत गेली. खाली वीजघरात एवढा घरघराट की ओरडल्याशिवाय शेजारच्याला ऐकू जात नाही, आणि तीच सवय घेऊन हे घरी यायचे. मीठ मागायचं तर शेजारच्या क्वार्टरमधून मीठ यायचं, असा आवाज. मी शाळेतून डोकं पिकवून घेऊन यावं, म्हणावं, जरा गप्प बसा, तर म्हणायचे, “बोल गं कायतरी. गप बसू नगंस. खाली मशीन गप झालं की माझ्या पोटात गोळा येतो.” त्यांना शांतता म्हणजे बिघाड. झोपतानासुद्धा रेडिओ लागायचा. तुम्ही निवृत्त होऊन सांगलीला भावाकडं राहायला गेलात तेव्हा आम्ही दोघं तुम्हाला भेटायला आलो होतो. दोन तासांत ह्यांनी तुम्हाला अख्खं वीजघर ऐकवलं, टर्बाइनसकट. मी शरमेनं अर्धी झाले. निघताना तुम्ही ह्यांच्या हातात बेदाण्याची पुडी दिलीत आणि म्हणालात, “वाटेत खा, जावईबापू. तेवढीच हिच्या कानांना सुटी.” हे खो खो हसले. मला मात्र दारात थांबवून हळूच म्हणालात, “बरं केलंस गं. आवाजाचा माणूस मिळाला तुला.” मी हसण्यावारी नेलं. पुन्हा यायचं म्हणून निघाले ते आलेच नाही. तुम्ही गेल्याचं मला महिन्यानं कळलं, तेही दुसऱ्याच कुणाच्या तोंडून.

आजार झाल्यावर आधी शब्द गेले, मग माणसं गेली, आवाज मात्र राहिला. दुपार झाली की ह्यांना कामावर जायचं असतं. “डबा भर. गाडी निघंल.” मी म्हणायची, अहो, निवृत्त झालात. ते कळायचं नाही. मग दार बडवायचं, खिडकीत जाऊन सोबत्यांना हाका मारायच्या. एकदा कडी काढून जिन्यानं खाली गेले आणि बनियनवर कऱ्हाडच्या रस्त्याला लागले. एकदा मी आडवी आले तर मला ढकललं. मनगट सुजलं. कपाटाचं दार लागलं म्हणून मी सगळ्यांना सांगितलं. खालच्या मजल्यावरची बाई भली आहे, पण तिची मुलगी दहावीला. ती एकदा वर येऊन म्हणाली, “वैनी, राग नका मानू, पण काकांचं जरा बघा की. पोरीला अभ्यास हुईना झालाय.” मी शिक्षिका. दहावीचा अभ्यास म्हटल्यावर मी काय बोलणार? डॉक्टरांकडं नेलं. त्या तरुण आहेत, नीट बोलतात. म्हणाल्या, “रोज झोपताना एक गोळी द्या. आणि फारच अंगावर आले, आवरेनासेच झाले, तर दुपारी अर्धी. पण ती रोज नको हं, काकू. अगदी लागेल तेव्हाच.” मी होय म्हटलं. लिहूनही घेतलं.

पहिली अर्धी दिली तेव्हा खरंच लागली होती. त्या दुपारी हे खुर्चीत बसले ते दिवेलागणीपर्यंत उठले नाहीत. मी चहा केला आणि माझा कप गरम गरम प्यायले. कितीतरी महिन्यांत पहिल्यांदा. पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचला. दुसऱ्या दिवशी ते थोडे भुणभुणले, मी दिली. तिसऱ्या दिवशी भुणभुणतील म्हणून दिली. असं करत करत ती रोजची झाली, बाई. मी घड्याळ बघून देते. मला त्या दुपारी आवडायला लागल्या, हे खोटं कशाला बोलू. खालची बाई जिन्यात भेटली की म्हणते, “काका आता शांत झाले बगा. बरं वाटलं.” मुलगा रविवारी व्हिडिओवर बघतो आणि म्हणतो, “आई, बाबा किती काल्म दिसतात गं. तू खूप छान सांभाळतेस.” छान सांभाळते. त्या वेळी ह्यांच्या समोरच्या कपावर सायीचा जाड पापुद्रा धरलेला असतो, ओठाच्या कडेनं लाळ आलेली असते, आणि मी ती फोन लावायच्या आधी पुसून घेते.

काल्म म्हणजे ज्याला ओरडता येतं आणि तरी जो ओरडत नाही. ह्यांना आता दुपारी ओरडता येत नाही. मग हे क्वाएट म्हणू, स्टिल म्हणू की सायलेंट म्हणू? यातला प्रत्येक शब्द मी तुमच्यापाशी जागा दाखवून शिकले आहे, आणि रोज सकाळी बरोबर नको तो निवडून पाठवते. देवळाच्या वेळी मी न बघता लिहिलं होतं. आता बघते आणि तरी लिहिते. मागच्या पंधरवड्यात डॉक्टरांनी विचारलं, “दुपारची लागते का?” मी म्हटलं, “कधीमधी.” त्या मान खाली घालून लिहीत होत्या. त्यांनी माझ्याकडं बघितलं असतं तर मी बहुतेक खरं बोलले असते. ह्यांचं वजन उतरलंय, पाय ओढत चालतात. डॉक्टर म्हणाल्या, आजार पुढं सरकतोय. आजार किती सरकलाय आणि मी किती सरकवलाय, हे त्या खोलीत फक्त मला माहीत होतं.

घरी आल्यावर मी ठरवलं, बंद. सोमवारी दिली नाही. दुपारभर दार वाजत होतं. मी कानात बोटं घालून स्वयंपाकघरात बसून राहिले. मंगळवारी दिली नाही. हे घरात हिंडले, नळ सोडून ठेवले, माझी चप्पल फ्रिजमध्ये ठेवली. मग माझ्यासमोर येऊन थांबले, नीट बघितलं आणि म्हणाले, “काय मास्तरीणबाई, सुटली का शाळा?” बाई, वर्ष झालं असेल मला ह्यांनी ओळखून. मी म्हटलं, “सुटली.” “मग च्या टाक की.” आम्ही चहा प्यालो. दोघांनीही गरम प्यायला. हे मशिनाबद्दल काहीबाही बोलत होते, मला निम्मंसुद्धा कळत नव्हतं, पण घरात माणूस होता. मी रडले तर म्हणाले, “काय झालं गं, पोरांनी तरास दिला व्हय?” बुधवारी मला परत ओळखलं नाही. चोर समजून हातातला तांब्या फेकला, तो माझ्या कानाजवळून गेला. गुरुवारी मी परत द्यायला लागले. मुलाला यातलं काही सांगितलं नाही. सांगितलं तर तो येईल किंवा येणार नाही, आणि या दोन्हींची मला भीती वाटते. तो आला तर ह्यांना कुठंतरी ठेवायचं ठरवील. नाही आला तर मला कळेल की तो येणार नाही.

तुम्ही असतात तर काय म्हणाला असतात, हे मला चांगलं माहीत आहे. खोड म्हणाला असतात. गोळीचं तुम्ही काही बोलला नसतात. ते तुम्ही माझ्यावर सोडलं असतं, कारण ज्या बाईनं एकटीनं दिवस काढलेत तिला दुपारच्या गरम चहाची किंमत कळते. पण शब्द खोडायला लावला असतात. खरं काय ते डॉक्टरांना सांग, पोराला सांग, आणि मग ते म्हणतील तर दे, असं काहीतरी. मी उद्या सांगेन. मी रोज असं म्हणते हेही खरं आहे. हे पत्र पाठवायला तुमचा पत्ता नाही, असता तरी पाठवायचं धाडस झालं नसतं, कारण अजून एक गोष्ट लिहायची राहिली आहे.

आज दुपारी हे चांगले होते. दार वाजवलं नाही, डबा मागितला नाही. खुर्चीत बसून मला वीजघरातला त्यांचा पहिला दिवस सांगत होते. आवाजानं घाबरून ह्यांनी दोन्ही कानांवर हात ठेवले होते. फोरमननं आपला डबा सोडला, ह्यांच्या एका हातात एक भाकरी दिली, दुसऱ्या हातात दुसरी, आणि म्हणाला, आता झाक बघू कान. ही गोष्ट मी शंभरदा तरी ऐकली असेल. आज हे पहिल्या भाकरीपर्यंत आले होते. मी तळहातावर अर्धी गोळी ठेवली. “कशाची?” “बीपीची,” मी म्हटलं. ह्यांनी शहाण्या पोरासारखी घेतली, पाणी प्याले आणि मला विचारलं, “व्हय गं, मी काय सांगत हुतो?” मी म्हटलं, “काही नाही. बसा निवांत.” ते बसले. हे आज माझ्या अंगावर आले नव्हते, बाई. गोष्ट सांगत होते. मला तुम्हाला हे पत्र लिहायला घरात आवाज नको होता, म्हणून मी दिली.